एकाला होती, म्हणून एकाला

अब्बास पंप पाठीवर घ्यायच्या आधी मूठभर धूळ उचलायचा आणि छातीइतक्या उंचीवरून हळूहळू सोडायचा. धूळ कुठं जाते ते डोळे बारीक करून बघायचा आणि मगच टाकीचे पट्टे खांद्यात अडकवायचा. वारा उलटा असला की बांधावर बसून राहायचा. तास जावो, दोन तास जावोत, मालक वरून कितीही कावला तरी ढिम्म. "वाऱ्याला सांगून ये, मंग मला सांग," म्हणायचा.

तीस वर्षं लोकांच्या रानात औषधं मारून हा माणूस धडधाकट राहिला तो असल्या चेंगटपणामुळं. त्याच्याबरोबर फवारायला लागलेले दोघं होते. एक छातीच्या दुखण्यानं गेला आणि दुसऱ्याचे हात असे कापायचे की चहाची बशी तोंडाला लावायची म्हटलं तर बायकोला धरावी लागायची. ते दोघंही अब्बासला भित्रा म्हणायचे.

गिरणाऱ्याच्या अलीकडं, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला हे गाव. निम्मं टमाट्यावर जगतं, निम्मं द्राक्षावर. अब्बासला वीतभर जमीन नाही. बाप पिंजारी होता, गावोगाव गाद्या पिंजत हिंडायचा. फोमच्या गाद्या आल्या आणि धनुकली खुंटीला लागली ती लागलीच. पोरानं पाठीला पंप लावला.

आता औषध मारणं ही काही मोठी विद्या नव्हे. शाळा लागत नाही, पण डोकं लागतं, आणि नेमकं तेवढंच दुकानात मिळत नाही. अब्बासनं या तीस वर्षांत काय काय बघितलं नव्हतं. किडीच्या औषधाचा रिकामा डबा घासून त्यात रानात प्यायचं पाणी नेणारे बघितले. विचारलं तर म्हणायचे, साबनानं तीनदा धुतलाय की. समर्थ नावाचा एक, चांगला शेतकी डिप्लोमा केलेला, कोपरापर्यंत हात घालून ड्रममधलं औषध ढवळायचा आणि त्याच तळहातावर तंबाखू मळायचा. एक म्हातारा पाच प्रकारची औषधं एकाच टाकीत ओतायचा, का तर पाच वेळा कोण हिंडणार. एकाला अब्बासनं बजावून सांगितलं होतं, सात दिवस टमाटं तोडू नको. त्यानं दुसऱ्याच दिवशी तोडणीला हरसूलकडच्या बाया लावल्या. बाजार तेजीत होता, ते अब्बासला समजलं. पण संध्याकाळी त्यातलीच पाटीभर टमाटी त्यानं आपल्या घरात नेली आणि नातवंडांना मीठ लावून खायला दिली.

तेव्हापासून अब्बासचा लबाड माणसांवरचा राग गेला. लबाडाला निदान विचार तरी करावा लागतो.

असं काही दिसलं की तो तोंड सोडायचा. लहानमोठा बघायचा नाही. "खांद्यावर हाय ते काय टोपी अडकवायला दिलंय का," हे त्याचं ठरलेलं. लोक हसायचे, चिडायचे, माघारी नकला करायचे, पण औषध मारायची वेळ आली की त्यालाच निरोप धाडायचे. कारण अब्बासच्या हातून कधी कुणाचं पान करपलं नव्हतं. गावात कुणी म्हणालं, "अब्बासनं मारलंय," की पुढं प्रश्न नसायचा. नावावर सात-बारा नसलेल्या माणसाची तेवढीच इस्टेट होती आणि तो तिला जपायचा.

करोनात त्याचा वास गेला. इतरांचा महिनाभरात परत आला, याचा आलाच नाही. अत्तर आणि रॉकेल त्याला सारखंच. बायको अमिना म्हणायची, आता काम सोड. तो म्हणाला, नाक गेलं, डोळे तर हायेत.

डोळ्यांसाठीच त्यानं चिंधी लावली होती. त्याच्याकडं बॅटरीचे दोन पंप होते. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, पांढऱ्या टाकीचे. एक बुरशी-किडीच्या औषधाला आणि दुसरा फक्त तणनाशकाला. बांधावरचं गाजरगवत मारायला जे टू-फोर-डी वापरतात ते टमाट्याचा आणि द्राक्षाचा काळ आहे. पंप धुतला तरी नळीत, टाकीच्या कडेला थेंबभर राहतंच, आणि टमाट्याला तेवढं पुरतं. पहिल्यांदा त्यानं तणाच्या पंपावर काळ्या रंगानं 'तणनाशक' असं लिहून बघितलं. लोकांनी नेला आणि मिरचीला मारला. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचायचं नाही असं ठरवलेलंच होतं. मग त्यानं तो रंग खरवडून काढला आणि टाकीच्या दांडीला लाल चिंधी करकचून बांधली. ज्याला लाल चिंधी तो तणाचा, आणि तो शेडच्या बाहेरच्या खिळ्याला. बिनचिंधीचा आत फळीवर. एवढा एकच नियम. तान्ह्या पोराला समजेल असा.

शेड पुंजाआबाचं. अमिनाला विषाची भांडी घरात नको होती आणि घर तरी कुठं मोठं, एक खण. पुंजाआबा म्हणाला, माझ्या शेडात ठेव. क्रेट, सुतळ्या, बांबू असतात तिथं तुझे दोन पंप जड नाहीत. वीस वर्षांचा घरोबा होता. ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा आबाकडं जायचा आणि दिवाळीची पहिली करंजी अब्बासकडं यायची. आबाचा पोरगा रविराज अब्बासच्या देखत चड्डीतून पँटीत आला होता. त्याची बायको तेजस्विनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली, बीकॉम झालेली, स्वभावानं गोड. अब्बासला चाचा म्हणायची आणि चहा विचारल्याशिवाय सोडायची नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, रविराजनं शेडातली झाडून सगळी अवजारं बाहेर काढली. विळे, कोयते, छाटणीच्या कात्र्या, ट्रॅक्टरचा फाळ, आणि त्यात अब्बासचे दोन्ही पंप. पाइप लावून सगळं बाहेरून लख्ख धुतलं. अंगणात रांगोळी, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. दोघा नवराबायकोनं फोटो काढले, मोबाइलवर टाकले. अब्बास त्या दिवशी वरच्या मळ्यात होता. संध्याकाळी रविराजनं त्यालाही फोटो धाडला. खाली लिहिलं होतं, अब्बासभाईंचे पंपपण पुजले. अब्बासला बरं वाटलं होतं, हे सांगितलं पाहिजे.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आभाळ आलं. पुंजाआबाचा एकराचा टमाट्याचा प्लॉट ऐन भरात होता, कमरेच्या वर, तारेला बांधलेला, पिवळ्या फुलांनी गच्च. असल्या हवेत करपा सुटतो. आबानं निरोप दिला, आजच मारून घे.

अब्बास शेडावर गेला. बाहेरच्या खिळ्याला पंप होता आणि त्याच्या दांडीला नवी कोरी लाल चिंधी, जरीच्या काठाची, नीट गाठ मारलेली. आत फळीवर बिनचिंधीचा. अब्बास घटकाभर बघत राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचा नियम ध्यानात ठेवला होता. जुनी मळलेली काढून नवी बांधली होती, पुन्हा खिळाही न चुकता. त्याच्या मनात आलं, चला, आबाच्या घरात तरी अक्कल शाबूत हाय.

त्यानं फळीवरचा उचलला. धूळ सोडून बघितली, वारा पडलेला होता. रस्त्याच्या कडेच्या ओळीपासून सुरुवात केली आणि दुपार टळायच्या आत टाकी चौदा वेळा भरून, चौदा पंप मारून प्लॉट उरकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजाआबाचा फोन आला. आबा नुसतं म्हणाला, येऊन जा.

रस्त्याच्या कडेचं टमाटं मान मोडल्यासारखं उभं होतं. शेंडे खाली वळलेले, कोवळी पानं दोरीसारखी पिळलेली, देठांना गाठी, फुलं खाली मातीत. आबा म्हणाला, "व्हायरस असंल का रे?" अब्बासनं वाकून एक शेंडा बोटांत धरून बघितला. तो बांधाबांधानं चालत गेला. रोग ठिकठिकाणी येतो, एक झाड इथं, दोन तिथं. हे ओळीनं आलेलं होतं. पहिल्या पाच पंपांच्या ओळी पार कामातून गेलेल्या, पुढच्या तीन पंपांच्या जरा कमी, आणि शेवटच्या ओळी हिरव्यागार, हसऱ्या. जसा तो चालला होता तसंच, टाकीगणिक कमी होत गेलेलं. प्लॉटनं त्याची पावलं लिहून ठेवली होती.

तो शेडावर गेला, दोन्ही पंप खाली काढले आणि घरी अमिनाकडं नेले. झाकणं उघडून तिच्यापुढं धरले. चिंधीवाल्यात तिनं नाक घातलं आणि तो बाजूला सारला. बिनचिंधीच्या टाकीशी तोंड नेलं आणि एकदम मागं सरली.

"ये बास मारता है," ती पदर नाकाला लावत म्हणाली. "वो घासवाली दवा."

अब्बास उंबऱ्यावरच बसला. त्यानं मोजून बघितलं: नाक असतं तर एक श्वास पुरला असता.

ऊन खाली व्हायच्या सुमारास दोन्ही पंप दोन हातांत घेऊन तो आबाच्या ओट्यावर गेला. आबा बाजेवर होता, तेजस्विनी धान्य निवडत होती. रविराज आत फोनवर बोलत होता. अब्बासनं पंप खाली ठेवले आणि शक्य तेवढ्या सावकाश विचारलं,

"सूनबाई, ह्या पंपाला एक लाल चिंधी व्हती. ती काय झाली?"

"ती होय? टाकून दिली चाचा. किती घाण झाली होती, हात लावायची सोय नव्हती. नवीन बांधली ना मी, माझ्या खणातली."

"ह्याची काढली आन त्याला बांधली?"

तेजस्विनीनं दोन्ही पंपांकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. सगळं स्वच्छ होतं, धुतल्या पंपासारखं. "धुतल्यावर दोन्ही सारखेच दिसत होते," ती म्हणाली. "एकाला होती, म्हणून एकाला बांधली."

"एकालाच का व्हती, आसं नाय आलं मनात?"

तिनं खरोखरच आठवून बघितलं. "मला वाटलं, नजर लागू नये म्हणून असेल."

"मंग दुसऱ्याला लागली तर चालती?"

ती विचार करायला लागली होती, आणि त्या विचाराला तीन दिवस उशीर झाला होता. रविराज फोन ठेवून बाहेर आला. काय झालं ते त्यानं ऐकलं. त्यानंच पंप बाहेरून धुतले होते, आणि लाल चिंधीवाला बाहेरच्या खिळ्याला असतो हेही त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं नव्या चिंधीचा पंप बरोबर त्या खिळ्याला अडकवला होता. म्हणजे नियमातला अर्धा भाग त्याला चोख पाठ होता. चिंधी कशाची, हे त्यानंही कधी विचारलं नव्हतं. अब्बासनं सांगितलेलं त्यानं वीस वेळा ऐकलं होतं, गाणं वाजत असताना ऐकावं तसं.

त्यानं मान खाली घातली असती तर अब्बास चार शिव्या देऊन गप्प बसला असता. रविराज म्हणाला, "आपलं मानून तुमचे पंप आम्ही पूजेत मांडले, अब्बासभाई. दुसऱ्या कुनी मांडले असते का? आता ते बी चुकलं म्हना."

अब्बासनं पुंजाआबाकडं बघितलं. आबा अडाणी होता पण बावळट नव्हता. त्याला सगळं उमगलेलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आबानं सुनेकडं बघितलं, पोराकडं बघितलं आणि मग बाजेच्या सुंभाकडं बघत म्हणाला,

"तरीबी अब्बास, तू मारायच्या आधी बघायचं व्हतं रं."

अब्बासनं पंप उचलले. यात खोटं काहीच नव्हतं. बघायला हवं होतं. ज्याला डोकं आहे त्यानंच जन्मभर बघायचं, आणि बाकीच्यांनी चिंध्या बांधत सुटायचं, अशीच या गावाची वाटणी होती. त्याची आता तक्रार करायची कुणाकडं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधाच्या डेअरीवर गेला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. रविराज किटली घेऊन रांगेत होता. तो लोकांना सांगत होता की अब्बासभाईकडून पंप बदलला गेला, माणूसच आहे, होतं कधीकधी. चांगल्या मनानं सांगत होता. आपण माफ करून टाकलंय असा त्याचा सूर होता. सनी नावाचं एक टवाळ पोरगं म्हणालं, टमाटं गेलं तर गेलं, बांधावरचं गवत तरी मेलं का चाचा? लोक हसले. मग समर्थनं, त्याच डिप्लोमावाल्यानं, सगळ्यांदेखत विचारलं,

"आसं कसं काय झालं पन अब्बासभाई? तुमी तर आमाला शिकवत व्हता."

अब्बासनं तोंड उघडलं. सांगायचं वाक्य तयार होतं: पूजेच्या वेळी चिंधी बदलली. चार शब्द, आणि चारही खरे. पण जिभेवर आलेलं ते वाक्य त्याला आधी स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं, आणि बोलणारा कोण तेही ऐकू आलं. दसऱ्याच्या पूजेनं प्लॉट गेला, म्हणाला कोण तर अब्बास पिंजारी. या गावात त्याला आजवर कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. पण मोबाइल सगळ्यांच्याच खिशात होते. मूठभर धूळ सोडून वारा कळतो. असलं वाक्य सोडल्यावर कुठं जाईल आणि काय जाळील हे बघायची सोय नाही. सनीनं कॅमेरा नुसता वर धरला असता तरी पुरे होतं.

"माजी चूक," तो म्हणाला. "नजरचूक झाली."

घरी आल्यावर अमिनानं त्याला चांगलाच धारेवर धरला. चूक तिची, त्याची, आणि नाव तुझं कशाला, असं तिचं म्हणणं. त्यानं तिला विचारलं, खरं बोलून दाखवू का आत्ता जाऊन, चौकात उभा राहून? ती थांबली. दाराबाहेर खेळणाऱ्या नातवाकडं, रय्यानकडं तिनं बघितलं आणि भाकरी थापायला बसली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पुंजाआबानं भरपाई मागितली नाही. मागितली असती तर बरं झालं असतं, भांडायला तरी तोंड मिळालं असतं. आबा चारचौघांत म्हणायचा, जाऊ द्या, आपलाच मानूस हाय. माफीसारखं ओझं नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी तर टाकीभर पाण्यापेक्षा जड.

कामं एकदम थांबली नाहीत. निरोप कमी आले, मग पुढं ढकलले गेले, मग येईनासे झाले. लोक म्हणाले, आता वय झालं त्याचं, नाकही नाही. रविराजनं आपला स्वतःचा पंप आणला. त्याचं बघून आणखी दहाजणांनी आणले. प्रत्येकी एक. आधी तण मारायचं, मग धुऊन टमाट्याला. अब्बासला रस्त्यानं जाताना दिसायचं. पहिल्यांदा एकदोघांना त्यानं हटकलं. ते म्हणाले, "तुमी नका सांगू चाचा." तेही हसून. त्यानंतर तो मान खाली घालून जायला लागला. दिवाळीनंतर तो द्राक्षाच्या एका बागेत रोजानं तारा ओढायला जाऊ लागला, जिथं कुणाला काही सांगायचा प्रश्न नव्हता.

थंडी पडल्यावर एकदा तो गिरणाऱ्याला औषधाच्या दुकानात गेला. बागेच्या मालकानं पंपाचा वायसर आणायला धाडलं होतं. गल्ल्यापाशी परगावचा एक तरुण उभा होता, चांगल्या कपड्यांतला, हातात बिस्किटांचे पुडे. तो दुकानदाराला मोबाइलमधला फोटो दाखवत होता. अब्बासला बाजूनं दिसला: वळलेले शेंडे, दोरीसारखी पानं.

"प्लॉटला अब्बास आलाय," तरुण म्हणत होता. "आठ दिवसांत निम्मा घेरला. काय देता?"

दुकानदार खालीच बघून कप्पा धुंडाळत होता. "यंदा सगळीकडंच हाय अब्बास," तो म्हणाला आणि दोन बाटल्या काढून पुढं ठेवल्या. मग त्यानं मान वर केली, शेजारी कोण उभं आहे ते त्याला दिसलं, आणि तो उगाच पावतीपुस्तकाची पानं उलटायला लागला.

अब्बासनं नमुन्याला आणलेला जुना वायसर मुठीत धरला होता. त्यानं तरुणाला विचारलं, "तन मारायला पंप कोनता वापरता?"

"पंप? एकच हाय की आपला. धुतो ना."

"ह्या बाटल्या नका घेऊ. काय उपेग नाय त्याचा. रोग नाय तो. दुसरा पंप घ्या आन तनाचा येगळा ठेवा."

तरुणानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मातकट पायजमा, तारेनं कापलेली बोटं. "तुमी कोन? कृषी खात्यातले का?"

"फवारनी करायचो."

"नाव काय म्हनला तुमचं?"

अब्बासनं दुकानदाराकडं बघितलं. दुकानदार अजून पानंच उलटत होता.

"अब्बास."

तरुण खदाखदा हसला. त्याला जोक लय आवडला. "भारी चाचा, एक नंबर," म्हणत त्यानं अब्बासच्या खांद्यावर थाप मारली, पैसे दिले, आणि विषाच्या दोन बाटल्या आणि पोरांच्या बिस्किटांचे पुडे एकाच पिशवीत कोंबले. एका बाटलीचं बूच नीट बसलेलं नव्हतं.

अब्बासला ते दिसलं. तोंड उघडेपर्यंत तरुण गाडीला किक मारून निघालाही होता. तसं हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण त्यानं मारली नाही.